प्रवासी क्रमांक दोन

शिरीषराव आगाश्यांना जगातल्या बहुतेक गोष्टी फालतू वाटत. सांगलीतले रस्ते फालतू, शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक फालतू, टीव्हीवरचे तज्ज्ञ तर महाफालतू. पाटबंधारे खात्यातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी अजून हाताखाली पन्नास माणसं असल्यासारखेच ते घरात वावरत. प्रत्यक्षात हाताखाली एकच माणूस उरलं होतं, त्यांची पत्नी उज्ज्वला.

त्या वर्षी, म्हणजे २०४१ साली, त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि मुलीनं, मृण्मयीनं, बंगळुरूहून भेट पाठवली: तीन आठवड्यांसाठी एक गाडीघर. दोन पलंग, छोटा ओटा, न्हाणीघर, छतावर सौरपत्रे, आणि बहुतेक रस्ता स्वतःच चालणारी गाडी. आधी जैसलमेरपलीकडचं मरुउद्यान, मग हिमालयातली दोन राष्ट्रीय उद्यानं, शेवटी स्पितीचं थंड वाळवंट. सप्टेंबरात निघायचं.

"मरुउद्यान कशाला?" शिरीषराव पडद्यावरच्या मुलीला म्हणाले. "वाळू बघायला इतक्या लांब जायचं? त्यापेक्षा कृष्णेच्या पात्रात उतरतो की. तिथे आता पाण्यापेक्षा वाळूच जास्त आहे."

"बाबा, आईला बघायचंय ते."

"तिला? तिला काय बघायचंय वाळवंटात? तिथे एक मुक्काम करू, गाडी चार्ज करू आणि पुढे सुटू. डोंगर म्हणजे डोंगर. मी नकाशे काढलेत."

नकाशे खरंच काढले होते. जेवणाच्या टेबलावर सहा कागद पसरून प्रत्येक चढाचा उतार त्यांनी पेन्सिलीनं लिहिला होता. गाडी स्वतः चालणार आहे, हे त्यांना तीनदा सांगून झालं होतं. "गाडीला काय कळतंय," असं म्हणून त्यांनी चौथा कागद काढला होता. उज्ज्वलाताई ओट्यापाशी शेंगदाणे कुटत होत्या. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि पुन्हा खलबत्ता हातात घेतला.

आता परवान्याची भानगड होती. उद्यानांत गाडीघरं सोडायला लागल्यावर पहिल्या दोन वर्षांत निम्मी कुटुंबं भांडून अर्ध्या वाटेवरून परतली. काहींनी रागाच्या भरात नको त्या वाटेवर गाड्या घातल्या. एका जोडप्यानं तर पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात सकाळभर हॉर्न वाजवत एकमेकांचं माहेर-सासर काढलं. तेव्हा उद्यानवाल्यांनी ठरवलं की आठवड्याला वीसच गाड्या आत सोडायच्या, आणि त्याही जी माणसं प्रवास नीट पार पाडतील अशांच्याच. ती कोण, हे सांगायला 'वाटाड्या' नावाची यंत्रणा होती.

वाटाड्याची कल्पना नवी नव्हती. हवामान खातं पावसाचं गणित एकदाच मांडत नाही. आजच्या वाऱ्यात आणि आर्द्रतेत केसभर फरक करून तेच गणित ते पुन्हा पुन्हा सोडवतं, आणि शंभरातून सत्तर वेळा पाऊस आला तर सत्तर टक्के शक्यता आहे म्हणून सांगतं. वाटाड्या ढगांऐवजी माणसं घ्यायचा. प्रत्येक प्रवाशाची एक आकडेमोडीतली प्रतिकृती करायची: तो कशानं चिडतो, किती वेळ गप्प बसतो, भूक लागल्यावर कसा बोलतो. मग त्या प्रतिकृतींना गाडीत बसवून तोच प्रवास दहा हजार वेळा घडवायचा. कधी पाऊस, कधी पंक्चर, कधी नुसताच उकाडा. दहा हजारांपैकी जितके प्रवास सुखानं पार पडले, त्यावरून शंभरपैकी गुण. साठ मिळाले की परवाना.

प्रतिकृती दोन गोष्टींवरून बनत. एक म्हणजे एकशे चाळीस प्रश्नांचा अर्ज. दुसरी म्हणजे 'घरकान'. साठीपुढच्या लोकांच्या घरांत तो सर्रास बसवलेला असे; कोणी पडलं, गोळी चुकली, खोकला बदलला की तो मुलांना कळवायचा. आगाश्यांच्या घरात तो सात वर्षं ऐकत होता. ऐकलेलं सगळं घरातल्याच डबीत राहायचं, आणि मालकांनी अंगठा दिल्याशिवाय बाहेर जायचं नाही. शिरीषरावांनी अंगठा दिला. उज्ज्वलाताईंनी, त्यांनी बोट दाखवलं तिथे दिला.

मग ते अर्ज भरायला बसले. आधी स्वतःचा भरला, आणि लगेच बायकोचाही.

यात त्यांना काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत उज्ज्वलाताईंचा प्रत्येक अर्ज त्यांनीच भरला होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नर्सनं विचारलं होतं, "काकू, एक ते दहामध्ये किती दुखतंय?" तेव्हाही शिरीषरावांनीच "चार" म्हणून सांगितलं होतं. नर्सनं चार लिहून घेतलं. उज्ज्वलाताईंना त्या दिवशी नऊ दुखत होतं.

"काय भरताय?" त्यांनी पदराला हात पुसत विचारलं.

"तुझा अर्ज. प्रवासी क्रमांक दोन."

"मला विचारायचं नाही का काही?"

"त्यात काय विचारायचं? चाळीस वर्षं बघतोय तुला." चष्मा वर सरकवून ते वाचू लागले. "डोंगर की वाळवंट? डोंगर. आवड? देवळं, खरेदी. मतभेद झाल्यास काय करता? जुळवून घेते. झालं."

एकशे चाळीस प्रश्न त्यांनी अठरा मिनिटांत उडवले. स्वतःच्या अर्जाला त्यांना दोन तास लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी निकाल आला. निकाल म्हणजे भिंतीवरच्या पडद्यातून आलेला एक शांत, पुस्तकी आवाज.

"नमस्कार. प्रवासी क्रमांक दोन, श्रीमती उज्ज्वला आगाशे, यांच्या दोन प्रतिकृती तयार झाल्या आहेत. एक अर्जावरून, दुसरी घरकानावरून. दोन्हींत शंभरांत अकरा इतकंच साम्य आहे. अर्जातल्या उज्ज्वला आल्या तर प्रवासाला चौऱ्याण्णव गुण. घरातल्या आल्या तर एकतीस. यांतल्या कोण येणार आहेत?"

शिरीषरावांनी कप खाली ठेवला. "मूर्ख यंत्र आहे! साधी बेरीज जमत नाही आणि माणसं ओळखायला निघालंय. अर्जातली घे. चौऱ्याण्णव."

"थांबा," उज्ज्वलाताई दारातून म्हणाल्या. पोह्यांची बशी त्यांच्या हातात होती. ती त्यांनी नवऱ्यापुढे ठेवली नाही, शेल्फवर ठेवली. "ती अर्जातली कोण आहे, मला बघू दे."

पडद्यावर आकृत्या उमटल्या. गाडीघराच्या खिडकीशी एक बाई बसली होती. चेहरा नीटसा नव्हता, आवाज मात्र हुबेहूब त्यांचा. आकृतीतल्या शिरीषरावांनी म्हटलं, "इथे काही नाही, पुढे जाऊ." बाई म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." ते म्हणाले, "भाजीत मीठ नाही." ती म्हणाली, "चुकलंच माझं." मग ती हसली, आणि हसूनच राहिली, कारण पुढचा प्रश्न येईपर्यंत तिला दुसरं काही करायचं नव्हतं.

"शी!" उज्ज्वलाताई म्हणाल्या. "ही कोण बावळट? हिच्याबरोबर चार दिवस काढलेत तर तुम्हीच वेडे व्हाल." मग पडद्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आणि मी आले तर काय होतं?"

"दहा हजारांपैकी सहा हजार आठशे प्रवासांत आपण तिसऱ्या दिवशी फलोदीजवळच्या चार्जिंगच्या थांब्यावर पिशवी घेऊन उतरता आणि परत गाडीत बसत नाही."

शिरीषराव हसायला गेले. फलोदी कुठे आहे हे तरी हिला ठाऊक आहे का, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण बायकोचा चेहरा बघून ते थांबले. ती चिडली नव्हती, रडतही नव्हती. अवघड गणिताचं उत्तर पाठीमागे बघून आपलं बरोबर आलंय हे कळावं, तशी ती दिसत होती.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "उतरेन मी."

त्यानंतर घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडायला दोघं लागतात आणि उज्ज्वलाताई कामात होत्या. त्यांनी दोन कोरे अर्ज मागवले. पहिला नवऱ्याचा. "तुम्ही माझा भरलात ना? मी तुमचा भरते," असं म्हणून त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर, हिमालयाच्या नकाशांवरच ठेवून भरला. नवऱ्याला एक प्रश्न विचारला नाही. वाटाड्यानं तो घरकानाशी ताडून पाहिला.

"शंभरांत सत्त्याण्णव साम्य," तो म्हणाला. "श्री. आगाशे यांनी स्वतः भरलेल्या अर्जाचं साम्य चौसष्ट आहे."

शिरीषरावांना हे तोंडात मारल्यासारखं लागलं. परक्यानं केलेला अपमान त्यांना पेलता येई. परका फालतू असतो. पण हा आकडा होता, आणि आकड्यांना ते जन्मभर मान देत आले होते.

स्वतःचा अर्ज भरायला मात्र उज्ज्वलाताईंना तीन दिवस लागले. कितीतरी प्रश्नांपाशी त्या अडून बसत. 'जेवण कोणत्या वेळी आवडतं?' त्यांना माहीत नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर जेवायची सवय होती. 'एकटं किती वेळ राहायला आवडतं?' इथे त्या बराच वेळ पेन हातात धरून बसल्या. शिरीषराव मागून डोकावले. "अगं, लिही की, अजिबात नाही म्हणून."

"आत जाऊन बसा तुम्ही," त्या म्हणाल्या. आणि काय नवल, ते गेले.

एकशे अकरावा प्रश्न होता, 'या प्रवासात कोणती एक गोष्ट पाहायचीच आहे?' त्यांनी पटकन लिहिलं: माळढोक.

शिरीषरावांना हे वाटाड्याकडून कळलं. "माळढोक?" ते बाहेर येत म्हणाले. "हे कधीपासून? मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात."

त्यांना आठवेना. मग उज्ज्वलाताईंनीच सांगितलं. उज्ज्वलाताईंचे वडील सोलापूरजवळ नान्नजला शाळेत गुरुजी होते. त्या नऊ वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून पहाटे माळावर नेलं होतं. गवतातून एक पक्षी उभा राहिला, त्यांच्या छातीएवढा उंच. त्यानं गळ्याखालची पांढरी पिशवी फुगवली आणि तो घुमला. जमिनीतून आवाज आल्यासारखं वाटलं. वडिलांनी त्यांचा हात घट्ट धरला होता. मोठं माणूसही घाबरतं हे त्यांना तेव्हा कळलं. मग नान्नजचे माळढोक संपले. वडीलही गेले. आता तो पक्षी असलाच तर तिकडे वाळवंटात. तिथे त्याला गोडावण म्हणतात. पिंजऱ्यात वाढवून सोडलेल्या पक्ष्यांची पोरं उडायला लागलीत, असं त्यांनी वाचलं होतं.

"हे सगळं सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, कोंबडीसारखा दिसतो ना तो? आणि हसलात. तुमचे मित्रही हसले."

"मग पुन्हा का नाही बोललीस?"

"बोलले ना. मृण्मयीशी बोलले, बहिणीशी बोलले, झाडांना पाणी घालताना बोलले." त्यांनी पडद्याला विचारलं, "किती वेळा रे?"

"सात वर्षांत दोनशे अकरा वेळा," वाटाड्या म्हणाला. "प्रत्येक वेळी श्री. आगाशे घराबाहेर होते."

दोन खरे अर्ज जोडून दहा हजार प्रवास पुन्हा धावले. अडतीस गुण. शिरीषरावांऐवजी उज्ज्वलाताईंची बहीण वैजयंती बरोबर आली तर अठ्ठ्याऐंशी. परवाना घ्यायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती.

शिरीषराव वाट बघत राहिले. "जाऊ दे, राहू दे," असं ती आता म्हणेल, अशी त्यांची खात्री होती. चाळीस वर्षं ती हेच म्हणत आली होती. फ्रिजच्या रंगावरून, मुलीच्या शाळेवरून, स्वतःच्या नोकरीवरून. गुरुवार गेला. शुक्रवारची दुपार झाली. ती भाजी निवडत होती आणि गुणगुणत होती. तेव्हा शिरीषरावांना पहिल्यांदा भीती वाटली. ही खरंच जाईल, आपल्याशिवाय जाईल, आणि मजेत जाईल.

"मी सुधारेन," ते एकदम म्हणाले. "तिथे मी काही बोलणार नाही. त्या यंत्राला सांग हे धरायला."

"धरता येईल," वाटाड्या म्हणाला. "घरकानात श्री. आगाशे यांची 'यापुढे बोलणार नाही' अशा अर्थाची त्रेचाळीस वचनं आहेत. त्यांपैकी सर्वांत जास्त काळ टिकलेलं वचन चार दिवसांचं आहे."

"कोणतं?" शिरीषरावांनी विचारलं. त्यांना जरा बरं वाटलं होतं.

"मृण्मयी यांच्या लग्नानंतर व्याही मुक्कामाला होते, तेव्हाचं."

उज्ज्वलाताई खळखळून हसल्या. मग भाजीचं ताट बाजूला सारून त्या विचार करू लागल्या. तोडगा त्यांनीच काढला; यंत्राच्या डोक्यात तो आला नव्हता. परवान्यात टप्प्यांवर प्रवासी बदलायची सोय होती.

"ह्यांच्याबरोबर फक्त मरुउद्यान, इथून विमानानं जायचं, गाडी तिथे घ्यायची," त्या म्हणाल्या. "चार दिवस, आम्ही दोघं. चौथ्या दिवशी दुपारी हे आगगाडीनं परत. वैजू उद्यानाच्या फाटकावर येईल. डोंगर आम्ही दोघी बघू. किती?"

"एकसष्ट," वाटाड्या म्हणाला.

"डोंगर तुम्ही बघणार?" शिरीषराव उठून उभे राहिले. "उतार मी काढलेत!"

"ते कागद द्या की मला. उपयोगी पडतील."

तर अशा रीतीनं डोंगरांचे नकाशे काढणारा माणूस वाळवंटात गेला. सहा किलोमीटर पलीकडे कुंपण, मध्ये खुरटं गवत, आणि गाडीघर उभं करायला आखून दिलेली जागा. तिथून पायी दोन मिनिटांवर गवतानं झाकलेला एक आडोसा होता. त्यात बाकावर बसायचं आणि फटीतून बघायचं. बोलायचं नाही.

पहिला दिवस शिरीषरावांनी दात आवळून काढला. दुसऱ्या दिवशी आडोशाचं बांधकाम तिरकं आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते मनातल्या मनात ठेकेदाराला झोडपत बसले. तिसऱ्या दिवशी एक काळवीट दिसलं. त्याबद्दल त्यांच्याजवळ बरीच माहिती होती. ती त्यांनी गिळली. त्याचा त्यांना खरोखर त्रास झाला. उज्ज्वलाताई तिन्ही दिवस गुडघ्यावर हात ठेवून फटीतून बघत होत्या. कधीतरी डबा उघडून दशमीचा तुकडा त्यांच्याकडे सरकवत होत्या. माळढोक दिसला नाही.

चौथ्या दिवशी पहाटे शिरीषरावांना वाटलं, गाडी डाव्या बाजूला कललीय. "तू हो पुढे," ते कुजबुजले. "मी चाकं बघून येतो." चाकं ठीक होती. तरी हवा तपासण्यात, पाण्याची टाकी पाहण्यात आणि गाडीघर बनवणाऱ्यांच्या अकलेवर मनसोक्त तोंडसुख घेण्यात त्यांचा पाऊण तास सुखात गेला. परत आडोशात येऊन बसले तेव्हा ऊन वर आलं होतं. माळ रिकामा होता. उज्ज्वलाताईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

दुपारी फाटकावर वनरक्षक बाईनं दोघांपुढे दोन पडद्याच्या पाट्या धरल्या, बाहेर पडतानाचे अर्ज. "गोडावण दिखा क्या, सर?"

"कहां का गोडावण!" शिरीषराव म्हणाले. चार दिवसांचा करार इथे संपत होता आणि त्यांची जीभ सुटली होती. "नुसती वाळू." सवयीनं त्यांनी दोन्ही पाट्या घेतल्या. बायकोची वर होती. प्रवासी क्रमांक दोन. माळढोक दिसला का? त्यांनी 'नाही' दाबलं.

उज्ज्वलाताईंनी ती पाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. 'नाही' पुसलं, 'हो' दाबलं, आणि खालच्या रकान्यात सावकाश लिहिलं: नर, एक. सहा मिनिटं. घुमला.

शिरीषरावांनी ते वाचलं. "कधी?"

"सकाळी. तुम्ही चाकं बघत होता तेव्हा."

"अगं, मग हाक नाही का मारायचीस? दोनशे पावलांवर होतो मी!"

"मारणार होते," उज्ज्वलाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते लपवत नव्हत्या. "तोंड उघडलं पण होतं. मग वाटलं, तुम्ही याल आणि काहीतरी बोलाल."

मी काही बोललो नसतो, असं म्हणायला शिरीषरावांनी श्वास घेतला. चाळीस वर्षं जिला तुच्छ लेखलं, ती बाई त्यांच्याकडे शांतपणे बघत होती. तिला उत्तर ठाऊक होतं, शंभरात सत्त्याण्णव. त्यांनी श्वास सोडून दिला.

फाटकाबाहेर वैजयंती बॅग घेऊन उभी होती आणि लांबूनच हात हलवत होती. उज्ज्वलाताई तिच्याकडे गेल्या. पिशवीत हिमालयाचे सहा नकाशे होते.

शिरीषरावांच्या हातात त्यांची स्वतःची पाटी राहिली होती. माळढोक दिसला का? त्यांनी 'नाही' दाबलं. खाली सूचनांसाठी रकाना होता. 'आडोशाचं बांधकाम अत्यंत ढिसाळ' इतकं त्यांनी लिहिलं, थोडा वेळ त्याकडे बघितलं आणि पुसून टाकलं. मग लिहिलं: पत्नीला दिसला.

पाटी परत देऊन ते स्टेशनकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले.